महिना न बदलणारा संगणक

मित्रांनो, मॅडमची खुर्ची वेळेवर झाली आणि ती दिमाखात नव्या शाळेत गेली. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही तसंच समजतो, कारण माझ्या तेव्हाच्या तारखेनुसार यातलं काहीच घडलेलं नव्हतं.

मी एक जुना संगणक आहे. माझा पंखा बोलका आहे आणि एक कळ कायमची बसलेली आहे. तरी अभिमानाने सांगतो, आमच्या छोट्या कारखान्यातली प्रत्येक चाकाची खुर्ची आधी माझ्या पडद्यावर उभी राहते, मगच जमिनीवर. वहिनी माझ्यावर आराखडे काढतात. त्यांचे दीर, म्हणजे आमचे भाऊजी, वेल्डिंग करतात आणि सल्ले देतात. सल्ले जास्त देतात.

आराखड्याचं सॉफ्टवेअर भाऊजींनी कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आणलं होतं. चोरीचंच. ते महिनाभर चालायचं आणि मग पैसे मागायचं. भाऊजींनी त्यावर तोड काढली. महिना संपत आला की ते माझी तारीख मागे न्यायचे. खरी तारीख कळू नये म्हणून इंटरनेटचं तर मला तोंडही दाखवायचे नाहीत. असा मी वर्षानुवर्षं एकाच महिन्यात राहिलो. सगळे म्हातारे होत होते, मी मात्र होतो तिथेच. माझ्याइतका टिकून राहिलेला संगणक आख्ख्या गल्लीत नव्हता.

मॅडम म्हणजे नऊ वर्षांची मुलगी. सगळ्यांना हुकूम सोडते म्हणून मॅडम. तिच्या खुर्चीचा पहिला आराखडा माझ्या महिन्याच्या शेवटी झाला. मग काम रखडलं, भाऊजींनी तारीख मागे नेली आणि मॅडम तेवढ्यात उंच झाली. वहिनींनी पुन्हा मापं घेऊन नवा आराखडा काढला. त्यावर तारीख पडली महिन्याच्या सुरुवातीची.

खुर्ची तयार झाली. मॅडम बसली. गुडघे थेट हनुवटीकडे निघाले.

"ही कुणाची खुर्ची?" तिने विचारलं.

"तुझीच की गं," भाऊजी म्हणाले.

"माझी नाही. माझ्या जुन्या गुडघ्यांची आहे. सोमवारी नवी शाळा आहे. बाबा उचलून नेतो म्हणतात. मी काय गोणी आहे?"

वहिनींनी पत्रा कापून देणाऱ्या काकांना बोलावलं. "काका, अहो, जुन्याच मापाचं कापलंत!"

"पेनड्राइव्हमध्ये दोन फायली होत्या. नंतरच्या तारखेची घेतली," काका म्हणाले. "तुमच्याकडे नंतरचं आधी येतं, हे मला काय स्वप्नात कळणार?"

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी छताकडे पाहत होते.

"मग विकतचं घ्यायला कारखाना विकू का?" त्यांनी छतालाच विचारलं.

"कशाला? मी वापरतो ते मोफत आहे," काका म्हणाले. "बनवणाऱ्यांनीच सगळ्यांना खुलं करून दिलंय. परवान्यात तसं लिहिलंय."

"फुकटचं ते! त्यात काय दम असणार?"

"आपलं तरी कुठे विकतचं होतं, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी माझी तारीख खरी झाली, चोरीचं सॉफ्टवेअर त्यातल्या आराखड्यांसकट गेलं आणि वहिनींनी मॅडमची खुर्ची काकांच्या मोफत सॉफ्टवेअरवर पुन्हा काढायला घेतली. एका क्षणात मी कैक वर्षांनी म्हातारा झालो आणि कुणी साधं सांत्वनही केलं नाही. नव्या सॉफ्टवेअरची बटणं वेगळ्या जागी होती. वहिनींचं पहिलं चाक चौकोनी आलं. "हे ब्रेकशिवाय थांबेल," भाऊजी म्हणाले. वहिनींनी त्यांना चहा करायला पाठवलं. मग चाक गोल झालं, पाठ जमली, पायाच्या पाट्या खाली सरकल्या. कोपऱ्यात त्याच दिवशीची तारीख उमटली, तेव्हा माझा पंखासुद्धा जरा ताठ फिरला.

काकांनी त्याच फाइलवरून पत्रा कापला, भाऊजींनी रात्री जागून वेल्डिंग केलं आणि सोमवारी मॅडम स्वतः चाकं फिरवत शाळेच्या फाटकातून आत गेली. बाबा मागून दप्तर घेऊन पळत होते. ही खुर्ची माझ्या पडद्यावर जन्मली आणि तिचा कण न् कण आमच्या हक्काचा होता.

म्हणून मित्रांनो, सॉफ्टवेअर चोरून आणू नका. परवडत नसेल तर मोफत आणि खुलं शोधा, विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे का ते विचारा. विचारायला काही लागत नाही.

आता एकच अडचण उरली आहे. मॅडम अजून वाढतेच आहे. सबब कारखान्याच्या वतीने विनंती करण्यात येते, की सदर विद्यार्थिनीने यापुढे उंची वाढवण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी लेखी पूर्वसूचना द्यावी व मंजुरी मिळेपर्यंत आहे त्याच उंचीवर थांबावे.