उद्या या

मुलानं कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम टाकून दिली आणि तहसिलीतून रिटायर झालेल्या रूपरावांचं डोकं फिरलं. साधा फोटो उघडायचा तरी ते यंत्र आधी परवानगी विचारणार, मग पासवर्ड मागणार, आणि एवढं करून सांगणार काय, तर तुम्हाला हा अधिकारच नाही.

"माह्या घरात मलेच अधिकार नाई?" रूपराव टेबलावर हात आपटून खेकसले. "कोन्या गध्यानं बनवलं हे? एका कामासाठी माणसाले किती फिरवून राह्यलं!"

पोरांच्या लग्नाचे फोटो पाहायला केळझरहून आलेले व्याही डोमाजी तासभर शेजारी बसले होते.

"घ्या! आता म्हणते, थोड्या वेळानं पुन्हा या!" रूपरावांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

डोमाजींनी टोपी घातली आणि पिशवी उचलली.

"काऊन उठले, इवाई?"

"उद्या येतो," डोमाजी शांतपणे म्हणाले. "सोयरीक व्हायच्या आधी एका दाखल्यासाठी तुमच्या टेबलासमोर माह्या सात खेपा फुकट गेल्या. मले सवय आहे. हेबी आठव्या खेपेले उघडते."