तिसऱ्यांदा विचारलेला चहा

मित्रांनो, माझ्या तोटीजवळ निळ्या रंगाचा टवका उडाला आहे आणि बुडाला डाग दिलेला आहे. तुम्ही ओळखलेच असेल, मी एक जुनी किटली आहे. माझा जन्म डर्बनच्या कारखान्यात झाला, पण आयुष्य गेले झुलूंच्या डोंगरात.

डोंगरावरच्या दुकानातून मला मासिबियाने घेतले. ती मिशनच्या दवाखान्यात सुईण होती. सिबियांची लेक म्हणून मासिबिया. आमच्याकडे बाई लग्न होऊन गेली तरी माहेरच्याच नावाने ओळखली जाते.

एका ऑगस्टमध्ये, सोसाट्याच्या वाऱ्याच्या दिवसांत, दवाखान्यात एक तरुण जोगीण, मिशनची नन, आली. नाव गोबनाट. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची. वाऱ्याबरोबर आली म्हणून लोकांनी तिला नोमोया म्हणायला सुरुवात केली. मासिबियाने तिला घरी बोलावले आणि काही न विचारता माझ्यातला चहा कपात ओतून पुढे केला. गोबनाट म्हणाली, "नको, नको. उगाच कशाला त्रास?"

मासिबियाने कप उचलून आत नेला. झुलू घरात पाहुण्याने पुढ्यात आलेले नाकारले, तर त्याचा अर्थ एकच. तुमच्या हातावर माझा विश्वास नाही.

पुढे कित्येक दिवस दोघी कामापुरते बोलत. शेवटी एका अवघड बाळंतपणानंतर, थकून ओट्यावर बसल्या असताना मासिबिया म्हणालीच, "माझा चहा तुला चालला नाही."

"चालला नाही?" गोबनाट म्हणाली. "घसा कोरडा पडला होता माझा. पण तू एकदाच विचारलंस. आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हटलं तर माणूस हावरट ठरतं. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं."

"मग तुमच्याकडे चहा गारच पीत असतील."

दोघी इतक्या हसल्या, की आतली बाळंतीण जागी झाली. दुसऱ्या दिवशी मासिबियाने मला दवाखान्यात आणून गोबनाटच्या चुलीवर ठेवले.

तेव्हापासून रोज दुपारी माझ्याभोवती दोन भाषा बसू लागल्या. झुलू बोलताना जीभ टाळूवर टकटक वाजते, उकळी आल्यावर माझे झाकण वाजते तशी. आयरिश मात्र पाणी तापू लागल्यावर तोटीतून निघणाऱ्या पहिल्या वाफेसारखी, घशातून हलकेच येते. गोबनाटला ती टकटक जमायची नाही. मासिबिया म्हणायची, "पावसात भिजून मऊ पडलीय ग तुझी जीभ." गोबनाट उलट म्हणायची, "आणि तू माझा शब्द बोलतेस तो कोंबड्या हाकलल्यासारखा."

झुलू माणूस एकटा असला तरी भेटल्यावर म्हणतो, आम्ही तुला पाहतो. त्याच्यामागे सारे घर उभे असते. आयरिश माणूस म्हणतो, देव तुझ्यासोबत असो. त्यावर दुसरा म्हणतो, देव आणि मेरीमाता तुझ्यासोबत असोत. मिळाले त्याहून थोडे जास्तच परत द्यायचे. मला दोन्ही रीती आवडत.

एकदा मासिबियाने सांगितले, की शाळेत झुलू बोलले म्हणून तिच्या गळ्यात लाकडी फळी अडकवत. गोबनाटने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्या आजीच्या आजीच्या गळ्यात काठी असायची. आयरिश शब्द तोंडून गेला की काठीवर एक खाच, आणि खाचेगणिक एक छडी." मासिबियाने तिचा कप न विचारता पुन्हा भरला. गोबनाटनेही तो झुलू पद्धतीने दोन्ही हात पुढे करून घेतला. "तुझी भाषा अजून बाजारात भाव करते," गोबनाट म्हणाली. "माझी आता थोड्याच चुलींपाशी बसते."

वर्षे गेली. मासिबिया निवृत्त होऊन टेकडीपलीकडे लेकाकडे राहायला गेली. दवाखान्यात विजेची चकचकीत किटली आली. मला फळीवर ठेवून माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. मला वाईट वाटले, पण त्याहून वाईट वाटे ते गोबनाटकडे पाहून. ती फार म्हातारी झाली होती. आधी तिचे इंग्रजी गेले, मग झुलूही गेली. उरली फक्त लहानपणीची आयरिश, आणि ती तिथे कुणालाच कळत नव्हती.

मग तिने खाणेपिणे सोडले. थोबेका नावाची नर्स फार मायाळू होती. कप पुढे करायची, म्हातारी मान हलवायची, आणि तिचा मान राखून थोबेका कप परत न्यायची. डॉक्टरांनी सांगितले, उद्यापर्यंत काही पोटात गेले नाही तर डर्बनच्या मोठ्या इस्पितळात हलवावे लागेल. तिथे तिला ओळखणारे एकही माणूस नव्हते.

थोबेकाने निरोप धाडला. मासिबिया काठी टेकत आली. आधी तिने मला खाली घेतले. "हिच्यात चिमटे कुणी घातले ग?" एवढेच बोलून मला घासले, चहा केला आणि खाटेशी बसली.

"घे ग, नोमोया."

म्हातारीने मान हलवली.

"गोगो, नको म्हणतायत त्या," थोबेका हळूच म्हणाली. गोगो म्हणजे आजी. "मी कालपासून विचारतेय."

"किती वेळा?"

"एकदा. मग परत दुपारी एकदा."

मासिबिया पुन्हा वळली. "घे ना. एवढी टेकडी चढून आले मी. गुडघे बघ माझे."

पुन्हा मान हलली. या वेळी ओठही हलले. आयरिशच, पण माझ्या ओळखीचे शब्द होते ते. उगाच कशाला त्रास.

"त्रास तर झालाच आहे," मासिबिया म्हणाली. "आता घे बाई, गार होतोय."

गोबनाटने डोळे उघडले. मग हात पांघरुणातून बाहेर काढले. दोन्ही हात, ओंजळ धरून, झुलू लेकीसारखे.

थोबेका दारात उभी राहून डोळे पुसत होती.

मित्रांनो, गोबनाट आमच्यातच राहिली. त्या हिवाळ्यात ती गेली, तेव्हा मासिबिया तिच्या उशाशी होती. मी आता पुन्हा चुलीवर आहे. थोबेका प्रत्येक म्हाताऱ्या पाहुण्याला तीनदा विचारते. लोक तिला हसतात. तुमच्या घरी कुणी म्हातारे माणूस तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत नको म्हणत असेल, तर कप लगेच उचलू नका. थोडे बसा. मी गरम राहीन.