घोडा विकायला सांगणारा नवरा

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. एकतीस वर्षं माणसांना वरखाली पोचवतायत, पण स्वतःच्या मनातलं ओठांवर आणायचं म्हटलं की दोन मजल्यांच्या मध्ये अडकतात. जेवायला काय करू? काहीही चालेल. हा पडदा लावू की तो? तुला आवडेल तो. मी कपडे लहानमोठे करून देते. दिवसभर गिऱ्हाइकांच्या कंबरा मोजायच्या आणि त्यांची रडगाणी ऐकायची. घरी आल्यावर मलाही कुणी चार शब्द सांगावेत असं वाटतं. पण ह्यांच्यापेक्षा माझं शिलाई मशीन बरं, ते निदान खडखडतं तरी.

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. तो परदेशात असतो, सून तिथलीच, घरात सगळा स्पॅनिश कारभार. बाळ होणार आहे, तर आईनं येऊन वर्षभर राहावं, आणि महिनाअखेरपर्यंत काय ते कळवावं. मी ह्यांना विचारलं, जाऊ की नको? तर म्हणाले, "तुझं तू ठरव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर बायको घरात नसणार, माणसाला काही वाटतं की नाही? जा म्हणा, जाऊ नको म्हणा, पण काहीतरी म्हणा. मला ह्यांच्या तोंडून तेवढंच ऐकायचं होतं.

जायचं ठरायच्या आधीच मी स्पॅनिशच्या वर्गात नाव घातलं. बेकरीच्या वरच्या खोलीत दर मंगळवारी संध्याकाळी वर्ग भरायचा. हे मला पोचवायला आले आणि दारातच घुटमळले, तर बाईंनी त्यांनाही धरून माझ्या शेजारी बसवलं. आम्ही धरून सहा विद्यार्थी, त्यात एक दातांच्या डॉक्टरीणबाई.

त्या दिवशीचा धडा इच्छा आणि भावनांचा होता. आपण कसं 'यावं', 'मिळावं' म्हणतो, तशी त्यांच्याकडे क्रियापदाची वेगळी रूपं असतात. आनंद, भीती, काळजी बोलून दाखवायची तरी बहुतेक वेळा तीच. आणि बाईंचा एक नियम होता. बाकावरच्या जोडीदाराला एक इच्छा बोलून दाखवायची, आणि जोडीदारानं ती पुढच्या मंगळवारपर्यंत पुरी करायची. त्याशिवाय भाषा अंगात मुरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मी लगेच उठले आणि ह्यांनी घोरू नये अशी इच्छा केली. स्पॅनिशमध्ये नवऱ्याला अहो-जाहो करायची सोय आहे म्हणे, पण बाईंनी ती अजून शिकवली नव्हती, त्यामुळे चक्क 'तू' म्हटलं. भारी मजा वाटली. मग हे उठले. मी कान टवकारले. ह्यांनी पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "किएरो के वेंदास एल काबायो."

म्हणजे, तू घोडा विकावास अशी माझी इच्छा आहे.

वर्गात हशा पिकला. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे घोडा नाही. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. शेवटी माळ्यावरून मुलाचा लहानपणीचा लाकडी घोडा काढला, पुसला, आणि पुढच्या मंगळवारी एका कॉफीच्या बदल्यात डॉक्टरीणबाईंना विकला. हे मात्र आठवडाभर बैठकीत खुर्चीवर बसून झोपले. घोरले नाहीत, पण डोळे टोमॅटोसारखे लाल झाले होते.

दुसऱ्या मंगळवारी पुन्हा पुस्तक. मी राजाला पत्र लिहावं अशी ह्यांची इच्छा! कुठला राजा, काय पत्ता, कशाचा पत्ता नाही. तरी बसले आणि दोन पानं खरडली. महाराज, माझ्या नवऱ्याला बोलतं करा, अशी विनंती केली. तिसऱ्या मंगळवारी बाईंनी ते पत्र वर्गात मोठ्यानं वाचलं. मग त्यांनी ह्यांच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि म्हणाल्या, आज स्वतःचं बोला.

हे उभे राहिले. खिशातून पाना काढला, पुन्हा आत ठेवला. खालून पावाचा वास येत होता. मला वाटलं, आता पुन्हा घोडाच येणार.

"किएरो के ते वायास," हे म्हणाले. तू जावंस असं मला वाटतं.

एवढी वर्षं वाट बघितली, आणि हे ऐकायला? मी पर्स उचलली. पण ह्यांचं संपलं नव्हतं. एकेक शब्द उचकटून काढत म्हणाले, "मे दा मिएदो के नो वुएल्वास." तू परत येणार नाहीस याची मला भीती वाटते.

मग स्पॅनिश संपलं बहुतेक, कारण पुढचं आपल्याच भाषेत आलं. "मी नको म्हटलं असतं तर तू गेली नसतीस. नातवंडाला बघितलं नसतंस. आणि इथं तर नियमच, म्हणेन ते तुला करावं लागणार. म्हणून घोडा."

मला रडूच कोसळलं. डॉक्टरीणबाईंनी रुमाल दिला, त्याला लवंगेचा वास होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, आता तुमची पाळी. मी नाक पुसलं आणि उठले. मला एकच वाक्य सुचलं.

"किएरो के वेंगास कोनमिगो." तू माझ्याबरोबर यावंस.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. विसाव्या मजल्यावर केबलला लटकणारा हा माणूस, पण विमानाचं नाव काढलं की ह्यांना घाम फुटतो. बाईंना दया आली. त्या घाईघाईनं म्हणाल्या, अहो, हा नुसता सराव आहे, खरंखुरं करायची काही सक्ती नाही.

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका," हे म्हणाले. "नियम म्हणजे नियम."