बोटं किती?

सुतारकाकांचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या डोळ्यात आता बुरशी झाली होती, तीही पार आत. पोटाच्या ऑपरेशननंतर त्यांना बरेच दिवस सलाइन लागलं. तिथून ती रक्तात शिरली आणि रक्तातून डोळ्यात उतरली असावी. असं क्वचितच होतं. डोळ्यातलं पाणी काढून तपासलं तेव्हा ती सापडली, आणि मी डोळ्यात औषधाची इंजेक्शनं सुरू केली.

पण गाडी अडली होती. यंत्रातून पाहावं तर आतले पांढरे पुंजके वाढलेले, आणि काका मात्र समोर धरलेली बोटं बिनचूक सांगायचे. एकुलत्या डोळ्यावर ऑपरेशन करायला मीही कचरते. दिसतंय ना, मग थांबू, असं म्हणत मी दिवस ढकलत होते.

त्या दिवशी तीन बोटं धरली आणि सहज काकूंकडे लक्ष गेलं. त्या नवऱ्याचा हात हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या अंगठ्याने तो हात हळूच तीनदा दाबला.

"तीन!" काका म्हणाले.

माझा पारा चढला. तसा तो चढायला फार काही लागत नाही. "काकू, जरा बाहेर बसा."

दार लागल्यावर मी पुन्हा बोटं धरली. काकांचा रिकामा हात मांडीवर चाचपडला.

"दिसत नाही ना, काका?"

"नाही. पण डॉक्टरबाई, तिला सांगू नका. तिला वाटतं मला थोडं दिसतं, आणि आपण नुसता हातभार लावतोय."

आता चिडायचं तरी कुणावर?

दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं. डोळ्यातला गढूळ भाग काढला, औषध सोडलं. पुढचे काही आठवडे काका गोळ्या घेत होते आणि काकू माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. बाहेर बसवल्याचा राग होता.

मग एका सकाळी तपासणीला आल्यावर त्या आपण होऊनच दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, काकांपासून लांब, हात मांडीखाली दाबून. मी बोटं वर केली. काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. डोळा बारीक करून ते दाराकडे बघत राहिले.

"अगं, स्वेटर उलटा घातलायस."

मी वळून पाहिलं. खरंच, शिवण बाहेर होती.

"अहो..." काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.