बोसेकोचं बीळ

“सोडली म्हणजे सोडली! आजपासून बोसेको शिकार करणार नाही,” म्हातारा भर सभेत म्हणाला आणि धापा टाकत खाली बसला.

मुखियाच्या छपराखाली बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. “दात पडल्यावर म्हणे मांस सोडलं!” सभा खदखदून हसली. बोसेकोही हसला. त्याला हलकं वाटत होतं.

हे बोलायला त्याला नादेजनं तयार केलं होतं. जंगलातल्या बुटक्या मगरी मोजायला ती राजधानीहून होडीनं आली होती. तीन हातांहून क्वचितच मोठी होणारी ही काळी मगर ओढ्याकाठच्या बिळात राहते. बोसेकोनं चार दिवस तिला दलदल तुडवत बिळं दाखवली. बिळात लांब काठी सारायची. मगर घरात असली की काठीला कडकडून चावते. एकेचाळीस बिळं झाली, काठीला एकही चावा बसला नाही. त्यातली निम्मी आपणच रिकामी केली, हे बोसेकोला ठाऊक होतं. दर बिळापाशी त्याची मान आणखी खाली जाई.

“संकटातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत हिला ‘असुरक्षित’ म्हणतात, बाबा,” नादेज म्हणाली होती. “पण इथं किती उरल्यात, कुणी मोजलंच नाही.”

तेव्हा त्यानं तिला बेचाळिसावं बीळ दाखवलं. तोंडाशी वेलीची गाठ मारलेली होती. गाठ ज्याची, बीळ त्याचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा गावचा जुना नियम. सहा वर्षं बोसेकोनं ते बीळ नुसतं राखलं होतं. आत मादी होती आणि शेजारी पालापाचोळ्याच्या ढिगात तिची ताजी अंडी. गावानं या ओढ्यावरची शिकार सोडली तर तसं सरकारी कागदावर घेता येईल, पण आधी गावातल्याच कुणीतरी उठून बोलायला हवं, असं नादेज म्हणाली. म्हणून तो उठला.

एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यातच आली नाही. गाठ शिकाऱ्याची असते. शिकार सोडली की गाठही सुटली. त्या गावात जिवंतपणी शिकार कुणी सोडलीच नव्हती, मग आठवणार तरी कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा मेव्हणा एकोंजी दारात उभा राहिला. खांद्यावरची काठी त्यानं अलगद उतरवली. काठीला मगर बांधलेली होती, जबडा वेलीनं आवळलेला, शेपटीवर वाळका चिखल. ती जिवंत होती.

“कुठली ही, दाजी?” बोसेकोनं विचारलं. उत्तर त्याला दिसतच होतं.

“तुझ्याच बिळातली. तू सोडलंस म्हणून घेतली, चोरून नाही. मुखियाला विचारून गेलो.” एकोंजी ओट्यावर टेकला. “आठ दिवस हिंडतोय रे. परवा मार्सलीनचं सुतक फिटतं. त्या जेवणात तिच्या आवडीचं मांस नसलं तर लोक तोंडावर थुंकतील माझ्या. मला वाटलं, त्याचसाठी सोडलंस तू. तोंडानं बोलला नाहीस, पण बहिणीसाठी सोडलंस.”

मार्सलीन बोसेकोची थोरली बहीण, एकोंजीची बायको. आई गेल्यावर तिनंच त्याला भरवलं होतं. नाही म्हणावं तर मेलेल्या बहिणीच्या ताटातला घास ओढल्यासारखं.

नादेज धावत आली. दारातच तिचे पाय थबकले. “काका, सोडा तिला! अंडी आहेत तिची!”

“कोण गं तू, पोरी?” एकोंजी शांतपणे म्हणाला. “तुझं कोण मेलंय इथं?”

नादेजचे डोळे भरले. ती बोसेकोकडे वळली. “बाबा, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील.”

ऐकलं असतं. एकोंजी मान खाली घालून रिकाम्या हातानं गेला असता, आणि पुन्हा या दारात आला नसता. बोसेकोला आपलाच भयंकर राग आला.

“अंड्यांचं काय होईल?” तिनं हळूच विचारलं.

“आई नसली की घोरपडी उकरतात. आज नाही तर उद्या.”

सुतकाच्या जेवणाच्या जनावरावर पहिली सुरी मेलेल्याच्या भावानं चालवायची असते. आजच कापून, धुरावर धरून ठेवायचं होतं. एकोंजीनं सुरी पुढं केली.

“आधी पोरीला हिची लांबी मोजू दे,” बोसेको म्हणाला.

नादेजनं फीत धरली. दुसरं टोक त्यानं शेपटीशी धरलं. एक मीटर बारा सेंटिमीटर. तिनं आकडा लिहिला आणि पुढं काय लिहायचं ते न सुचून पेन तसंच धरून राहिली.

“मादी,” बोसेको म्हणाला. “लिही.”

मग तो आत गेला आणि पाण्यानं भरलेला कोरलेला भोपळा घेऊन आला. मगरीच्या डोक्यावर, डोळ्यांवर, पाठीवर तो सावकाश पाणी ओतू लागला. तिनं एकदा पापणी मिटली आणि उघडली.

“आता पाणी कशाला रे?” एकोंजी म्हणाला.

“उन्हात आणलीस. कोरडी पडलीय.”

भोपळा रिता होईपर्यंत तो ओतत राहिला. मग ओला हात लुंगीला पुसून त्यानं सुरी घेतली.