‘नाही’पुढची खूण

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे, परीक्षेला नेता ना, तसला. माझ्या कोपऱ्यांचे पापुद्रे सुटलेत. डोक्यावरचा चाप मात्र अजून घट्ट आहे. दुकानात माझे भाऊ थप्पीत निवांत निजायचे. मी पाहणी करणाऱ्या ताईच्या हाती पडलो आणि पायाला भिंगरी लागली. दारामागून दार, जिन्यामागून जिना. बसू म्हटले तर बूड टेकेना!

पाण्याची पाहणी झाली, रस्त्यांची झाली. "हा माझा पाठीराखा," असे ताई कौतुकाने म्हणायची. मग नवे कागद आले. औषधाचा उलटा त्रास झाला तर तो कळवायचा असतो, हे लोकांना ठाऊक आहे का? पुढे दोन चौकटी : हो, नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या मावशी भेटल्या. ओठ सुजलेले, एक हात कापडावर, दुसरा दंड खाजवण्यात.

"कळवायचं? डॉक्टर आमचे देवमाणूस. त्यांच्या गोळीची चहाडी करू होय?"

"आई, तोंडाचा भोपळा झालाय कालपासून," सून म्हणाली.

"तू गप गं! उष्णता आहे ती. संध्याकाळची गोळी घेतली की उतरेल."

ताईने ‘नाही’पुढे खूण केली आणि जिना उतरू लागली. अजून अकरा घरे बाकी होती.

मला चैन पडेना. उत्तर कागदावर आले, बाई मात्र तशीच मागे राहिली! कागद नुसता फडफडत होता. मी हाक मारणार कशाने?

खालच्या मजल्यावर कागद सरळ करताना त्या खुणेवर नजर गेली आणि ताई थबकली. "अगं बाई, मी नुसतं विचारलं, त्यांचं सुजलेलं तोंड बघितलंच नाही!" म्हणत ती धावतच वर गेली. "मावशी, ती गोळी घेऊ नका. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लावा."

डॉक्टर म्हणाले, "गोळी बंद. गोळ्यांचं पाकीट घेऊन लगेच या. सांगितलंत ते फार बरं केलंत, मीही हे सरकारी नोंदीसाठी पुढे कळवतो."

मावशींनी फोन ठेवला. "रागावले नाहीत गं!" त्या सुनेला म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

आता पाहणी मोबाईलवर होते. मी कपाटावर पालथा पडून असतो, पण डोळा लागत नाही. त्या घराआधी आम्ही तीनशे घरे केली होती. किती दारांतून नुसती खूण करून परतलो असू?

म्हणून सांगतो, मित्रांनो, औषधाने अंगावर काही उठले, गरगरले, सूज आली तर घरातल्या मोठ्यांना सांगा, डॉक्टरांना सांगा, औषधाचे नाव सांगा. कुणी विचारण्याची वाट पाहू नका. विचारायला आलेला माणूस कधीकधी घाईत असतो.