माहेरचं नाव

‘SHASHI,’ मी टाइप केलं. चूक. मोठ्या अक्षरांऐवजी लहान घेतली. चूक. शेवटी पूर्ण ‘shashikala’. स्क्रीन पांढरा झाला, आणि फोन दुकानातून आणल्यासारखा मला म्हणाला, ‘हॅलो!’

मेल्या, हॅलो काय म्हणतोस? आईचे दोनशे व्हॉइस मेसेज होते आत. मार्चमध्ये ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता.

मी सुनेत्रा. लंडनमध्ये एजवेअरला राहते. आठवडाभर हॉस्पिटलात नर्स, मंगळवारी संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे अर्धवेळ सैनिक. अकरा वर्षं झाली. आता म्हणे कायदा आणायचा घाट आहे, की आमच्यासारख्यांनी ट्रेनिंगचं सगळं स्वतःच्या फोनवर करायचं आणि त्या फोनचा ताबा आर्मीकडे द्यायचा. कायद्याचा अजून पत्ता नाही, पण आमच्या युनिटची ‘ट्रायल’ सुरू! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. बॅकअप बंद ठेवायची सक्ती. पासवर्ड विसरलात तर एक प्रश्न, आणि उत्तर तीनदा चुकलं की फोन साफ.

मी विसरले. प्रश्न होता, mother’s maiden name.

“आई, ते surname असतो!” माझी मुलगी सिया ओरडली. “पोंक्षे! बाबानी फॉर्म भरला होता ना तुझा?”

“अगं, माहेरचं नाव शशीच! लग्नात तांदळात अंगठीनं लिहून अरुणा केलं तिचं.”

“पण इतका साधा गोष्ट आहे!”

“साधी,” मी सवयीनं म्हटलं, आणि मग मला रडूच फुटलं.

मंगळवारी ड्रिलच्या आधी कॅप्टनसमोर उभी राहिले. बिचारा वाईट माणूस नाही, हेच जास्त डोक्यात जातं. त्यानं चहा विचारला. मग फॉर्म काढला.

“सॉरी, सुनेत्रा. पण सिस्टिमनं नियमाप्रमाणेच काम केलं. काय गेलं नक्की? बँकेचं? पेशंटचं काही?”

“आईचे मेसेज.”

“त्यात काय होतं?”

काय होतं? ‘जेवलीस का?’ ‘थंडी आहे का गं तिकडे?’ ‘फोन का नाही केलास?’ दोनशे वेळा तेच. इंग्रजीत सांगायला गेले, तर दोन वाक्यांत संपलं.

तो मान हलवत ऐकत होता आणि लिहीत होता. मला उलटं वाचता येतं, वॉर्डातली सवय. ‘महत्त्वाची माहिती गेली नाही.’

“ट्रायलबद्दल चांगला अभिप्राय गेला तर कायद्याला मदत होईल,” तो म्हणाला. “इथं सही.”

मी पेन घेतलं. त्याच्या ओळीतला ‘नाही’ खोडला. सहीची जागा तशीच कोरी ठेवली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

“सुनेत्रा?”

अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी सॅल्यूट न करता त्या खोलीतून बाहेर पडले.